खालच्या मजल्यावरची क्षमा

जर्मनीत नव्याने स्थायिक होणाऱ्या आपल्या धर्मबांधवांना तेथील थंडीपेक्षा अनोळखी माणसाचे बोलणे अधिक बोचते. शेजारी महिनोन्महिने चौकशी करीत नाही. परंतु लाल दिवा असताना मोकळा रस्ता ओलांडला, तर परकी वृद्धा ‘मुले पाहत आहेत’ असे सुनावते. याच देशात गावाबाहेरच्या फुलांच्या शेतात राखणदार नसतो. वाटसरू फुले तोडतो, पेटीत पैसे टाकतो आणि जातो. अचौर्याचे व्रत न घेतलेला समाजही ते असे पाळतो, हे पाहिले म्हणजे त्या वृद्धेच्या कठोर शब्दांमागील सचोटीही समजू लागते.

रविवारची शांतता हाही तेथे असाच जपलेला नियम. 1919 च्या वायमार राज्यघटनेने रविवारला विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षण दिले आणि 1949 च्या मूलभूत कायद्याने ते कलम कायम ठेवले.

श्टुटगार्टमध्ये मुलाकडे राहावयास आलेल्या सांगलीच्या एका आजींना हे ठाऊक नव्हते. रविवारी दुपारी त्या खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटीत असता खालच्या मजल्यावरचे वृद्ध गृहस्थ दारात आले, ‘आज रविवार आहे’ एवढेच बोलले आणि परतले. आजींना तो अपमान वाटला. पुढे दोन महिने जिन्यात गाठ पडली की दोघेही मान वळवीत.

दशलक्षण पर्व संपले. क्षमावाणीच्या दिवशी गावाकडच्या सर्व आप्तांना दूरध्वनी करून झाल्यावर आजी थबकल्या. ज्याच्याविषयी मनात खरोखर राग होता, तो मनुष्य या यादीत नव्हता. नातवाला बरोबर घेऊन त्या खाली गेल्या व त्यांनी हात जोडले. नातू म्हणाला, ‘एंटशुल्डिगुंग.’ जर्मन भाषेत ‘शुल्ड’ म्हणजे दोष आणि कर्जही. त्या दोषातून मोकळे करणे, हा या शब्दाचा मूळ अर्थ.

गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले, की त्यांची पत्नी दीर्घकाळ आजारी असून रात्र जागून काढते. दुपारीच काय तो तिचा डोळा लागतो. त्या दिवशी ती दचकून जागी झाली होती.

आजी क्षमा मागावयास गेल्या होत्या त्या स्वतःच्या रागाबद्दल. आपल्या हातून कोणाला पीडा झाली, हे त्यांना तेथे गेल्यावर कळले. प्रमादाने घडणारी हिंसा बहुधा अशीच असते: करणाऱ्याला दिसत नाही, भिंतीपलीकडचा सोसतो.

क्षमावाणी सर्व जीवांसाठी आहे, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती परिचितांपाशीच थांबते. परिचित आपल्याला बहुधा आधीच क्षमा करून बसलेले असतात. ज्याचे नावही ठाऊक नाही, त्याचे दार वाजविणे अवघड. आणि क्षमेची कसोटी लागते ती तेथेच.