पल्ला पालखीचा, चाल आपली

ज्येष्ठ महिना जवळ आला की अनेक घरांत एक जुनीच चर्चा नव्याने सुरू होते. आजोबा म्हणतात, "यंदा पायी वारी करायचीच." आजी म्हणतात, "मीही येणार." मुलगा म्हणतो, "या वयात अडीचशे किलोमीटर? गाडीने दर्शनाला जाऊन या." सूनबाई मध्यस्थी करू पाहते, पण तिच्याही मनात धास्ती असतेच. दोन्ही बाजू प्रेमापोटीच बोलत असतात आणि दोन्ही बाजूंचे थोडेथोडे खरे असते. साठी-सत्तरी ओलांडलेली हजारो माणसे दरवर्षी पायी पंढरपूरला पोहोचतात, हे खरे. वाटेत पाय सुजून, चक्कर येऊन अर्ध्यावरून परतणारेही असतात, हेही खरे. या दोघांत फरक बहुधा ताकदीचा नसतो, चालीचा असतो.

वारीची एक गोष्ट नवख्या माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. इथे अंतर ठरलेले, मुक्काम ठरलेले आणि तिथीही ठरलेली. पालखी कुणासाठी एक दिवस थांबत नाही. आपल्या हाती उरतात त्या चारच गोष्टी: किती वाजता निघायचे, किती वेगाने चालायचे, किती वेळा बसायचे आणि कोणता टप्पा चालायचा. या चारही गोष्टी घरी बसूनच ठरवता येतात.

पहिला चतुर्थांश अवघड

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे प्रस्थान आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला होते. दुसऱ्या दिवशी आळंदी ते पुणे हा सुमारे 29 किलोमीटरचा टप्पा. पुण्यात एक दिवस विश्रांती. मग पुणे ते सासवड, सुमारे 32 किलोमीटर, आणि त्यातच दिवे घाटाची चढण. पुढे जेजुरी 16, वाल्हे 12, लोणंद 20, तरडगाव 8, फलटण 21, बरड 18, नातेपुते 21, माळशिरस 18, वेळापूर 19, भंडीशेगाव 21, वाखरी 10 आणि शेवटी पंढरपूर 5. तिथींच्या क्षयवृद्धीप्रमाणे वेळापत्रकात थोडा बदल होतो, अंतरे साधारण हीच.

आता बेरीज करून पाहा. एकूण सुमारे 250 किलोमीटरपैकी 61, म्हणजे जवळजवळ चतुर्थांश वाट, चालण्याच्या पहिल्या दोनच दिवसांत संपते. शरीराला चालण्याची सवय लागण्याआधीच सगळ्यात मोठे दोन टप्पे समोर येतात. त्यातून पहिल्या दिवसाचा उत्साह दांडगा. टाळ-मृदंगाच्या गजरात पाय आपोआप उचलले जातात आणि तरुण मंडळींच्या बरोबरीने आजोबाही ताशी पाच किलोमीटरने निघतात. त्याची किंमत तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोजावी लागते.

पुणे-सासवड टप्पा बहुधा एकादशीला येतो, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. म्हणजे सर्वांत लांबचे चालणे आणि वर उपवास. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी त्या दिवशी पोटात पुरेसे न घेता चालणे धोक्याचे आहे. हातपाय थरथरणे, दरदरून घाम येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे. अशा वेळी उपवास मोडेल म्हणून विचार करत बसू नये, ताबडतोब साखर किंवा गूळ तोंडात टाकावा. त्या दिवशी औषधाची मात्रा किती घ्यावी हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावे.

वेग कसा ओळखायचा?

यासाठी घड्याळ नको की यंत्र नको. चालता चालता नामाचा गजर म्हणून पाहावा. चरण सहज पूर्ण होत असेल, तर चाल बरोबर आहे. मध्येच श्वास तुटत असेल, तर वेग जास्त आहे. तेव्हा पाऊल आखूड करावे, गजर थांबवू नये. चढावर हा नियम विशेष पाळावा.

सपाट रस्त्यावर विश्रांती धरून ताशी तीन किलोमीटर ही वयस्कर माणसासाठी चांगली चाल आहे. साधारण पाऊण-एक तास चालावे आणि दहा मिनिटे बसावे. थकल्यावर बसण्यापेक्षा थकण्याआधी बसावे, कारण एकदा पूर्ण दमलेले पाय दहा मिनिटांत पुन्हा ताजे होत नाहीत. बसताना पादत्राणे काढून पाय थोडे उंचावर टेकावेत. पादत्राणे काढली की खडा, ओलसरपणा, लाल झालेली जागा तेव्हाच नजरेस पडते.

या हिशोबाने 32 किलोमीटरला जवळजवळ अकरा तास लागतात. जेवणाचा एक तास वेगळा. म्हणजे पहाटे चारला निघालेला माणूस दुपारी चारच्या सुमारास सासवडला पोहोचेल. म्हणूनच अनेक जुने वारकरी पालखीच्या आधीच, अंधार असताना वाटेला लागतात. ऊन चढण्यापूर्वी निम्मी वाट सरते, गर्दीचा रेटा लागत नाही आणि मुक्कामी टेकायला जागा मिळते. मात्र पहाटे एकट्याने निघू नये. तिघे-चौघे बरोबर असावेत, हाती विजेरी असावी आणि रस्त्याच्या कडेनेच चालावे. आपण पुढे निघालो आहोत हे दिंडीतल्या जबाबदार माणसाला सांगून जावे.

घाटात रथालाही मदत लागते

दिवे घाट सुमारे निम्मी वाट संपल्यावर समोर येतो, म्हणजे नेमका पाय जड होऊ लागतात तेव्हा. इथे एक दृश्य पाहण्यासारखे असते. माउलींच्या रथाला घाट चढण्यासाठी जादा बैलजोड्या लावतात. रथाला मदत घेण्यात कमीपणा नाही, तर आपल्याला काठीचा, कुणाच्या हाताचा किंवा एखाद्या दिवशी वाहनाचा आधार घेण्यात कसला कमीपणा?

वाहनाचा हा मुद्दा पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या मनाला लागतो. "पायी म्हणजे पायी. एक टप्पा सोडला तर वारी कसली?" असे त्यांना वाटते. ही निष्ठा आदरणीय आहे. पण पुणे-सासवड वाहनाने गेलेल्या माणसालाही पुढे 189 किलोमीटर चालायचेच असते. हट्टाने तो एक टप्पा चालून गुडघा धरून बसलेल्याला मात्र सासवडहूनच घरचा रस्ता धरावा लागतो. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण वारीलाही लागू आहे.

फक्त हा निर्णय पुण्यातच घ्यावा, घाटाच्या पायथ्याशी नव्हे. पालखी जाते त्या दिवशी घाटातली नेहमीची वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवलेली असते. तिथे पोहोचल्यावर "आता एसटी पकडू" म्हणून चालत नाही.

पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी आणखी एक मार्ग सुचवावासा वाटतो. इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा दूरच्या गावांहून येणाऱ्या मराठी मंडळींना तो विशेष सोयीचा. जेजुरी, वाल्हे, नीरा आणि लोणंद ही चारही गावे पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहेत. लोणंदला वारीत सामील झाले की पहिलाच टप्पा तरडगावपर्यंत अवघा 8 किलोमीटरचा येतो, आणि याच वाटेवर चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण पाहायला मिळते. पुढे पंढरपूरपर्यंत एकूण 141 किलोमीटर. पहिल्या वर्षी एवढे केले आणि ते सुखाने पार पडले, तर पुढच्या वर्षी आळंदीहून निघावे.

तयारी पाडव्यापासून

गुढीपाडव्यापासून प्रस्थानापर्यंत साधारण बारा आठवडे मिळतात. अधिक महिना आला तर थोडे जास्त. पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास चालावे. मग दर आठवड्याला पाच-दहा मिनिटे वाढवत जावे. आठवड्यातला एक दिवस लांबच्या चालण्याचा आणि एक पूर्ण विश्रांतीचा ठेवावा. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी लागोपाठ दोन दिवस 15-16 किलोमीटर चालून पाहावे. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा चालवेसे वाटले, तर समजावे की तयारी झाली.

ही परीक्षा घरच्यांनी बरोबर राहून घ्यावी, असे मुला-सुनांना सांगावेसे वाटते. नुसते "जाऊ नका" म्हटल्याने वडीलधारी माणसे ऐकत नाहीत, उलट दुखणे लपवू लागतात. दोन रविवार त्यांच्याबरोबर चाललात तर त्यांची चाल, त्यांचा दम आणि त्यांची जिद्द तिन्ही तुम्हाला कळतील.

पादत्राणे नवी करकरीत नकोत. निदान महिनाभर वापरलेली असावीत. ती घेताना संध्याकाळी घ्यावीत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि वारीत तर सुजतातच. मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी चालण्याचा नेम करू नये. त्यांच्या पायाला काटा, खडा, चटका जाणवतोच असे नाही. रोज मुक्कामी पोहोचल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करून तळवे पाहावेत किंवा बरोबरच्याला पाहायला सांगावेत. पिशवीत पाणी, औषधे, खाऊ आणि प्लास्टिकचे कापड एवढेच असावे. बाकीचे बोचके दिंडीच्या ट्रकमध्ये टाकावे.

तहान लागण्याची वाट पाहू नका

वय वाढते तशी तहान कमी जाणवते, पण शरीराची पाण्याची गरज काही कमी होत नाही. म्हणून तहान असो वा नसो, अर्ध्या तासाला चार घोट घ्यावेत. खूप घाम गेला किंवा जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडेथोडे प्यावे. हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांनी पाणी आणि मीठ किती घ्यावे, हे आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी साखरेबद्दलही विचारावे.

पुष्कळ स्त्रिया वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. चक्कर येण्याचे आणि लघवीची जळजळ होण्याचे ते एक मोठे कारण आहे. अलीकडच्या वर्षांत मुक्कामाच्या गावी फिरती शौचालये उभी केलेली असतात. ती कुठे आहेत, हे पोहोचताच विचारून ठेवावे.

छातीत दुखणे किंवा दडपण, बसल्यावरही न थांबणारा दम, एका बाजूच्या हातापायातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, अंग तापून असंबद्ध बोलणे, यांपैकी काहीही झाले तर त्या दिवसाचे चालणे तिथेच संपले असे समजावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पालखीमार्गावर सरकारी वैद्यकीय पथके असतात. आपले नाव, घरचा दूरध्वनी क्रमांक, आजार आणि चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी खिशात किंवा गळ्यातल्या पाकिटात असू द्यावी.

शेवटचे पाच किलोमीटर

वाखरी ते पंढरपूर हे अंतर थोडे, पण गर्दी सर्वांत मोठी. तिथवर पोहोचलेल्या माणसाने थोडी शक्ती शिल्लक ठेवावी. आषाढी एकादशीच्या दर्शनाच्या रांगेत तासन् तास उभे राहावे लागते. आयुष्यभर वारी केलेले कितीतरी वारकरी चंद्रभागेचे स्नान, नामदेव पायरीचे आणि कळसाचे दर्शन यांतच समाधान मानून परत फिरतात. वयस्करांनी त्यांचाच कित्ता गिरवावा. गाभाऱ्यातले दर्शन गर्दी ओसरल्यावर, अगदी महिन्या-दोन महिन्यांनीही घेता येते.

एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्तबद्ध रूप दिले. वाटेवरचे विसावे, दुपारचा नैवेद्य, मुक्कामाची समाजआरती हे सारे त्या शिस्तीत येते. म्हणजे थांबणे हा वारीचाच भाग आहे. पालखी जिथे विसावते, तिथे आपणही निःसंकोच टेकावे. वारीत कुणी पहिले येत नाही आणि कुणी शेवटचे येत नाही. घरून धडधाकट निघालेली माणसे तशीच धडधाकट घरी परतली, तरच पुढच्या ज्येष्ठात "यंदाही जायचंच" असे म्हणता येते.