कोतवाल कोणीं निवडावा ?

आमच्या इमारतींतील एका वृद्ध बाईंनीं २०२६ च्या जानेवारींत मला जिन्यांतच अडवून विचारलें, “मास्तर, यंदां आयुक्तांचें चिन्ह कोणतें हो ?” महानगरपालिकेची निवडणूक अगदीं तोंडावर आली होती, सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर प्रचाराच्या गाड्यांचे कर्णे सकाळपासून एकमेकांवर मात करूं पाहत होते. त्यांत बाईंचा गोंधळ उडाला तर नवल नव्हतें. या शहरांत आयुक्त दोन. एक पालिकेचे, दुसरे पोलिसांचे. आणि दोघांपैकीं एकासही आपण मत देत नाहीं, दोघांचीही नेमणूक राज्य सरकार करतें. हें ऐकून बाई क्षणभर थांबल्या. “म्हणजे चोर धरणारा आपण नेमायचा नाहीं, नि दिवे लावणाराही नाहीं ! मग मत द्यायचें तें कोणाला ?”

वाचकहो, हा प्रश्न मला हंसण्यावारी नेतां आला नाहीं. कारण चोर आणि दिवा या दोहोंशीं आमची गांठ नुकतीच पडली होती. २०२५ च्या श्रावणांतील गोष्ट. सोमवारीं सायंकाळीं आमचें कुटुंब देवळांतून परत येत असतां गल्लीच्या वळणावर दुचाकीवरून आलेल्या दोघांनीं त्यांच्या गळ्यांतील मंगळसूत्र हिसकावून नेलें. वळणावरचा दिवा तीन आठवडे बंद होता. त्याविषयीं सांगावें तर कोणास ? नगरसेवकांची मुदत ऑगस्ट २०२२ मध्येंच संपलेली, आणि तेव्हांपासून सारा कारभार प्रशासकांच्या हातीं. चोरीची वर्दी देण्यास मी एका चौकीवर गेलों, तेथें “ही हद्द आमची नव्हे, उद्यां सकाळीं या,” असें उत्तर मिळालें. तक्रार कागदावर चढली ती तिसऱ्या दिवशीं.

शाळेंत मुलांना संस्कृताबरोबर नागरिकशास्त्रही शिकविलेला मी मनुष्य, परंतु त्या रात्रीं मला कायद्याचें एक कलम आठवलें नाहीं. तें येथें सांगून ठेवतों. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणें दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही हद्दींत घडलेला असो, ठाण्यावर घेतलीच पाहिजे, आणि तिची प्रत खबर देणारास विनामूल्य दिली पाहिजे. ठाण्याच्या अधिकाऱ्यानें नकार दिल्यास तीच खबर लिहून टपालानें वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे धाडतां येते. गृहिणींनीं हें कलम औषधाच्या डब्याच्या झांकणावर चिकटवून ठेवावें.

त्या रागाच्या भरांत मला वाटलें कीं, पोलिसांचा प्रमुखही लोकांनींच निवडावा, म्हणजे ‘उद्यां या’ म्हणण्याची कोणाची छाती होणार नाहीं. आमची कन्या विलायतेंत रेडिंग गांवीं असते. राष्ट्रकुलांतील नागरिक म्हणून तिला तेथें मत आहे, आणि २ मे २०२४ रोजीं तिनें पोलीस कमिशनरास मत दिलें होतें. मीं तिला मोठ्या उत्साहानें दूरध्वनि करून सर्व हकीकत विचारली. तिनें माझ्या उत्साहावर पाणीच ओतलें. “बाबा, कागदावरच्या नांवांपैकीं एकही माणूस मला ठाऊक नव्हता. पक्ष पाहिला नि फुली मारली.”

पुढें मीं या विषयाचें थोडें वाचन केलें. इंग्लंड व वेल्समध्यें २०११ च्या कायद्यानें हें पद निर्माण झालें. निवडून येणारा गृहस्थ स्वतः पोलीस अधिकारी नसतो. पोलिसांचा खर्च व धोरण ठरविणें आणि मुख्य अधिकाऱ्यास नेमणें अथवा काढणें हें त्याचें काम. पहिली निवडणूक १५ नोव्हेंबर २०१२ ला झाली, तेव्हां शंभरांतील सुमारें पंधराच मतदार आले, आणि न्यूपोर्ट शहरांतील एका केंद्रावर तर दिवसभरांत एकही मनुष्य फिरकला नाहीं ! मत देण्याची रीतही बदलत गेली. २०२१ पर्यंत पहिली व दुसरी अशा दोन पसंती नोंदवितां येत. २०२४ मध्यें एकच फुली उरली, आणि केंद्रावर छायाचित्राचा दाखला दाखविणें आवश्यक झालें. आतां तर नोव्हेंबर २०२५ मध्यें तेथील सरकारनें हें पदच मे २०२८ मध्यें मोडीत काढण्याचें जाहीर केलें आहे.

मग राजानें नेमलेला कोतवाल चांगला म्हणावा काय ? आपल्या वाङ्मयाची साक्ष कांहीं निराळीच आहे. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत नगररक्षणाचा अधिकारी येतो, तो राजाचा मेहुणा. त्याचे शिपाई गरीब कोळ्यास बांधून दरडावीत आणतात, आणि राजाकडून बक्षीस मिळालेलें दिसतांच त्याच कोळ्याबरोबर मद्य प्यावयास निघतात. कालिदासानें हें केवळ विनोदासाठीं रचलें असेल असें मला वाटत नाहीं. पुण्यास घाशीराम सावळदास १७७७ सालीं कोतवाल झाला तो नाना फडणविसांच्या मर्जीनें. १७९१ च्या ऑगस्टांत त्याच्या कोठडींत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हां संतापलेल्या लोकांनीं त्यास दगडांनीं ठेंचून मारलें. पुणेंकरांना मत नव्हतें. होते ते दगड.

कौटिल्यानें नगराच्या मुख्याधिकाऱ्यास ‘नागरिक’ हें नांव दिलें आहे. रात्रीचा पहारा, आगीचा बंदोबस्त, परक्या माणसांची नोंद हें सारें त्याचें काम. ज्या शब्दानें पूर्वीं कोतवाल ओळखला जाई, तोच आज तुम्हांआम्हांस लावला जातो, याची मला मोठी मौज वाटते.

माझें आजचें मत असें कीं आयुक्त निवडून येऊं नयेत. आमचें आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० रोजीं स्थापन झालें, आणि पहिले आयुक्त सदानंद दाते हे २००८ सालीं कामा रुग्णालयांत अतिरेक्यांशीं लढतांना जखमी झालेले अधिकारी. अशा पुरुषानें ज्यांना उद्यां कदाचित् धरावें लागेल त्यांच्याच दारांत मतें मागत फिरावें, ही कल्पना मला सहन होत नाहीं. परंतु त्यांना जाब विचारणारा कोणी हवा, आणि तेथें माझीच चूक मला दिसते. पोलीस गृहखात्याचे, गृहखातें मंत्र्याचें, आणि मंत्री विधानसभेस उत्तर देणारा. म्हणजे कोतवालाविषयींचें आपलें मत विधानसभेच्या पेटींत पडतें. सर्वोच्च न्यायालयानें २२ सप्टेंबर २००६ रोजीं प्रकाश सिंह यांच्या खटल्यांत पोलिसांविरुद्धच्या गाऱ्हाण्यांसाठीं राज्यांत व जिल्ह्याजिल्ह्यांत स्वतंत्र प्राधिकरण नेमावें आणि जबाबदारीच्या जागेवरील अधिकाऱ्यास दोन वर्षें हलवूं नये असें सांगितलें. २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानापूर्वीं निरनिराळ्या पक्षांचे लोक आमच्या दारीं आले. एकासही मीं याविषयीं अवाक्षर विचारलें नाहीं. पाण्याबद्दल मात्र पुष्कळ बोललों !

असो. जिन्यांतल्या बाईंस मीं घरीं नेऊन मतदानाची रीत समजाविली. शहरांत २४ प्रभाग व ९५ जागा. एक प्रभाग तीन जागांचा, बाकीचे चार-चारांचे. तेव्हां बहुतेकांस एक नव्हे, चार मतें. मीं चार कागद मांडले: ‘अ’ पांढरा, ‘ब’ फिका गुलाबी, ‘क’ फिका पिवळा, ‘ड’ फिका निळा. प्रत्येक रंगांत एकच बटण दाबावयाचें. चारही जागा पुऱ्या झाल्याशिवाय यंत्र शेवटचा आवाज करीत नाहीं. एखाद्या जागेस कोणीच मनास येत नसेल तर त्या रंगाच्या शेवटीं ‘वरीलपैकीं एकही नाहीं’ आहेच. एका पक्षाची माळच्या माळ दाबलीच पाहिजे असें बंधन नाहीं, हें ऐकून बाईंना फार आश्चर्य वाटलें. उमेदवारांस आपल्यावरील फौजदारी खटले शपथपत्रांत लिहावे लागतात, तीं शपथपत्रेंही आम्हीं नातवाकरवीं पाहिलीं. दोन नांवें बाईंनीं तेथल्या तेथें खोडलीं.

१५ जानेवारीस सकाळीं साडेसातांस आम्हीं तिघें रांगेंत उभीं होतों. परततांना बाई म्हणाल्या, “निळ्यांत मला कोणीच पटलें नाहीं, म्हणून शेवटचें दाबलें. पाप नाहीं ना लागत ?”

निकालानंतर प्रभागांतील नव्या नगरसेवकांपैकीं एकाकडे मीं दिव्याचा अर्ज दिला. आठव्या दिवशीं दिवा लागला. मंगळसूत्राचा तपास अद्याप लागलेला नाहीं, आणि कुटुंबानें तूर्त काळ्या पोतीवर भागविलें आहे. तक्रारीची प्रत मीं पंचांगांत ठेवली असून दर महिन्याच्या पहिल्या तारखेस ती घेऊन ठाण्यावर जातों. तेथील हवालदार आतां मला पाहतांच खुर्ची पुढें करतात.