वर हिरवं टर्फ, खाली काळी माती: पहिल्याच पावसात पाणी का तुंबतं?

पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर, कुठेही जा. बॉक्स क्रिकेटचं टर्फ आता जवळपास प्रत्येक भागात दिसतं. सोसायटीची बाग, शाळेचं मैदान, बंगल्यापुढचं अंगण, सगळीकडे कृत्रिम गवत पोहोचलंय. पाणी घालायला नको, कापायला नको, वर्षभर हिरवंगार.

पण जून उजाडतो आणि अनेक ठिकाणी तेच चित्र दिसतं. पाय ठेवला की पचकन पाणी वर येतं, मधेच उंचवटे तयार होतात, कोपऱ्यातून वास यायला लागतो. मालक टर्फच्या कंपनीला दोष देतो, कंत्राटदार पावसाला. खरं कारण मात्र बऱ्याचदा दोघांच्याही पायाखाली असतं.

काळ्या मातीत असं काय आहे?

दख्खनच्या पठारावरची काळी माती बेसाल्ट खडकापासून तयार झाली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि सुकलं की आकसतं. म्हणूनच मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा दिसतात आणि जुलैत त्याच जमिनीत पाय रुततो.

कपाशीला हा गुण फायद्याचा, कारण ओल टिकते. टर्फला मात्र तोच मारक. एकदा भेगा मिटल्या की चिकणमातीत पाणी तासाला जेमतेम काही मिलिमीटर मुरतं. त्यात टर्फ टाकण्याआधी जमिनीवर रोलर फिरवतात. म्हणजे जी काही वाट होती, तीही बंद.

पाणी किती असतं?

साधा हिशेब करू. १०० फूट लांब आणि ५० फूट रुंद टर्फवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे २३ हजार लिटर पाणी जमा होतं. १० हजार लिटरचे दोन टँकर भरून वर उरेल एवढं! १००० चौरस फुटांच्या अंगणातही तेवढ्याच पावसात साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी साचतं. गच्चीचा पाईप अंगणात सोडला असेल, तर ते पाणी वेगळंच.

‘आमच्या टर्फला छिद्रं आहेत’

विकणारा हे सांगतो आणि ते खोटं नसतं. गवताखालच्या थराला छिद्रं असतात आणि पाणी त्यातून झटकन खाली उतरतं. प्रश्न पुढचा आहे: खाली उतरलेलं पाणी जाणार कुठे?

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. काळी माती फूटभर खोदतात, त्यात खडी भरतात आणि वर टर्फ अंथरतात. कागदावर हे बरोबर वाटतं. प्रत्यक्षात चारही बाजूंनी आणि तळाशी चिकणमाती असते, म्हणजे तुम्ही जमिनीत एक हौद बांधलेला असतो. हौदात खडी टाकली म्हणून त्याला तोटी लागत नाही.

दुसरी चूक मुरमाची. भरावाला मुरूम चांगला, पण त्यात बारीक माती असते. दाबला की तो घट्ट बसतो आणि पाणी अडवतो. क्रशरच्या डस्टचंही तेच.

मग बरोबर पद्धत कोणती?

आधी जमिनीची परीक्षा घ्या. फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा आणि पूर्ण मुरू द्या. पुन्हा भरा आणि तासाभराने पातळी बघा. इंचभरही उतरली नसेल, तर पाणी जमिनीत मुरेल ही आशा सोडा आणि ते बाहेर काढायची सोय करा.

१. उतार मातीलाच द्या, नुसता टर्फला नको. १०० फुटांना १ फूट, म्हणजे ५० फुटांच्या रुंदीत ६ इंच उतार पुरतो. उताराची दिशा घराच्या पायापासून दूर हवी.

२. मातीवर जिओटेक्स्टाईल कापड अंथरा. ते नसेल तर ओली माती हळूहळू खडीत शिरते आणि दोन-तीन पावसाळ्यांत खडी चोंदते.

३. सखल बाजूला चर खणून त्यात छिद्रांचा पाईप टाका, भोवती खडी भरा. हा पाईप चेंबरपर्यंत आणि तिथून पावसाळी गटारापर्यंत गेलाच पाहिजे. हीच ती तोटी.

४. वर ४ ते ६ इंच स्वच्छ, डस्ट नसलेली खडी, त्यावर बारीक खडीचा पातळ थर आणि मग टर्फ.

टर्फ आधीच टाकलं असेल तर?

सगळं उखडण्याआधी दोन गोष्टी करून बघा. गच्चीचे पाईप टर्फपासून दूर वळवा. मग पाणी साचतं त्या सखल कडेचं टर्फ उचलून तिथे चर आणि पाईप टाका. बऱ्याच वेळा एवढ्यावर भागतं. जमीन मधेच खचली असेल, तर मात्र खालचा थर पुन्हा करावा लागतो.

शोषखड्डा चालेल का? तो काळ्या मातीतच संपत असेल, तर नाही. आपल्याकडे अनेक ठिकाणी काळ्या मातीखाली मुरूम लागतो. खड्डा तिथपर्यंत पोहोचला तर पाणी जिरण्याची शक्यता खूप वाढते.

हा फक्त मालकाचा प्रश्न नाही

आपल्या टर्फचं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीशी किंवा रस्त्यावर सोडलं, तर तुंबणं फक्त जागा बदलतं. मैलावाहिनीला जोडलं, तर मोठ्या पावसात तीच उलटी येते. शिवाय खेळाच्या टर्फमध्ये रबराचे बारीक काळे दाणे भरतात, ते पाण्याबरोबर नाल्यात आणि पुढे नदीत जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मायक्रोप्लास्टिकवर निर्बंध आणले, त्यात हे दाणेही आहेत. त्यांच्या विक्रीवर तिथे २०३१ पासून बंदी येणार आहे. आपण निदान चेंबरला बारीक जाळी तरी लावू शकतो.

त्यामुळे कोटेशन हातात आलं की गवताची उंची आणि रंग नंतर बघा. आधी एकच प्रश्न विचारा: ‘पाणी कुठून बाहेर जाणार?’ कंत्राटदाराने बोट दाखवून जागा सांगितली, तरच पुढचं बोला.