टेलिव्हिजनची जागा आणि घरातील माणसे

परदेशी नोकरीस गेलेला मुलगा सुट्टीवर आला म्हणजे पूर्वी ट्रान्झिस्टर आणीत असे. सांप्रत बेळगाव-खानापूरकडील आमच्या खेड्यांतून असा मुलगा मोठ्या पडद्याचा टेलिव्हिजन घेतो, आणि त्याच्या जोडीस पाच-सहा स्पीकरांचा संचही घेतो. खोकी उघडतात आणि त्याच घटकेस घरात वाद उभा राहतो, की हे सारे ठेवावयाचे कोठे? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या खोलीत हे सामान मांडावयाचे, तिथेच संध्याकाळी रोझरी होते, तिथेच आजी दिवसभर बसून असते आणि आल्यागेल्यास पाणीही तिथेच दिले जाते. म्हणून या आठवड्यात वाचकांशी याच विषयावर चार शब्द बोलावे, असे आम्हांस वाटते.

आमच्या जुन्या घरांतील बैठकीची खोली क्वचितच चौकोनी असते. मूळचा सोपा लांबट व अरुंद असतो. पुढे भावाभावांत वाटण्या होतात, मध्ये भिंत पडते, आणि उरलेल्या भागास कोठे एक बोळ चिकटतो, तर कोठे एक कोपरा तुटतो. यंत्राबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तकातील नेटकी आकृती अशा खोलीत जशीच्या तशी बसत नाही. तथापि त्या आकृतीमागील तत्त्वे ध्यानी घेतली, तर वाकड्या खोलीतही सरळ मांडणी करता येते.

नमुन्यादाखल एक खोली घेऊ. पूर्व-पश्चिम लांबी १८ फूट व रुंदी ९ फूट. पश्चिमेच्या भिंतीत खिडकी. दक्षिणेच्या लांब भिंतीत, पश्चिम टोकास, मुख्य दरवाजा. उत्तरेची भिंत वाटणीत उभी राहिलेली. ती पश्चिमेकडून १२ फूट जाते आणि तिथे संपते. उरलेल्या ६ फुटांतून एक बोळ स्वयंपाकघराकडे वळतो. पूर्वेच्या भिंतीवर घरची वेदी आहे. तेथे येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, पवित्र मरियेची मूर्ती आणि तेवणारा लहान दिवा.

अशा खोलीत शंभरांपैकी नव्वद माणसे पूर्वेच्या भिंतीकडे बोट दाखवतील. तिथे ना दार, ना खिडकी. तेव्हा वेदीखाली टेबल ठेवावे आणि त्यावर टेलिव्हिजन, असे त्यांचे म्हणणे. हा सल्ला आम्हांस मान्य नाही, आणि त्याचे पहिले कारण निव्वळ प्रकाशाचे आहे. पश्चिमेची खिडकी पडद्याच्या अगदी समोर येते, आणि तिसऱ्या प्रहरानंतरचे ऊन थेट पडद्यावर पडून चित्र पुसट होते. पडदा नेहमी खिडकीशी काटकोनात असावा. दुसरे कारण अंतराचे. पूर्वेच्या भिंतीवरील चित्र पश्चिमेकडे बसलेल्यांस १५-१६ फुटांवरून पाहावे लागेल. ४३ इंची पडद्यास ६ ते ८ फुटांचे अंतर पुरेसे होते. तिसरे कारण वाचकांनी ओळखलेच असेल. ज्या दिशेस गुडघे टेकावयाचे, त्याच दिशेस करमणुकीचे यंत्र ठेवले, तर मुलांची नजर मरियेच्या मूर्तीवरून घसरून पडद्यावर जाणारच. त्यात मुलांचा दोष काय?

म्हणून आमचा क्रम असा आहे. प्रथम वेदीची जागा कायम धरावी. नंतर माणसांची आसने ठरवावी, त्यातही सर्वांत वृद्ध माणसाचे आसन आधी. टेलिव्हिजनचा विचार त्यानंतर करावा. या क्रमाने गेल्यास आपल्या खोलीत उत्तरेची १२ फूट भिंत मोकळी सापडते. तिच्या मध्यावर, पश्चिमेपासून ६ फुटांवर, टेलिव्हिजन ठेवावा. समोर दक्षिणेच्या भिंतीस, दरवाजा सोडून, सोफा अथवा बाक मांडावा. बसणाऱ्याचे कान पडद्यापासून सुमारे ६ फुटांवर येतात. वाटणीची भिंत पुष्कळदा एकेरी विटेची असते. तीवर जड संच टांगण्यापेक्षा घडवंचीवर अथवा टेबलावर ठेवणे श्रेयस्कर. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीस असावा. मान वर करून पाहावे लागू नये.

आता स्पीकरांकडे वळू. ५.१ नावाच्या संचात पाच स्पीकर आणि खर्ज आवाजासाठी एक निराळी पेटी, ज्यास सबवूफर म्हणतात, अशी सहा नगांची योजना असते. पुढचे दोन, डावा आणि उजवा, आणि ऐकणारा, या तिघांचा समभुज त्रिकोण व्हावा, हा मुख्य नियम. आपल्या खोलीत पडद्याच्या दोन्ही अंगांस साडेतीन-साडेतीन फुटांवर ते ठेवले, म्हणजे त्यांच्यातील अंतर ७ फूट होते, आणि ऐकणाऱ्यापासूनही प्रत्येक सुमारे ७ फुटांवर येतो. डावा कोपऱ्याजवळ असल्याने त्याचा खर्ज थोडा फुगेल, उजव्याच्या पलीकडे बोळ मोकळा असल्याने तो थोडा फिका वाटेल. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये प्रत्येक स्पीकरचा आवाज निरनिराळा कमीजास्त करता येतो, त्यायोगे हे वैगुण्य पुष्कळसे निघून जाते.

मागचे दोन स्पीकर आकृतीप्रमाणे ऐकणाऱ्याच्या बाजूस, किंचित मागे असावेत. डाव्यासाठी खिडकीच्या दक्षिणेस पश्चिम भिंत मिळते. उजव्या बाजूस मात्र जवळ भिंतच नाही. तो दक्षिणेच्या भिंतीवर, बाकाच्या पूर्वेस लावावा. दोन्ही बसलेल्याच्या कानांहून दीड-दोन फूट उंच ठेवले, म्हणजे आवाज एकाच्याच कानात शिरत नाही. डावा सुमारे ६ फुटांवर आणि उजवा साडेचार फुटांवर, असा फरक राहील. आवाज एका सेकंदात सुमारे ११०० फूट जातो. अ‍ॅम्प्लिफायरला फीत लावून मोजलेली अंतरे सांगितली, की तो जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढा क्षणांश थांबवून सोडतो, आणि खोलीचा तिरकेपणा कानास जाणवत नाही. तारा जमिनीवरून दाराआड कधीही नेऊ नयेत; भिंतीच्या कडेने, दरवाजाच्या चौकटीवरून फिरवून न्याव्यात. तारेस चार हात अधिक खर्च झाला तरी चालेल, पण म्हाताऱ्या माणसाचा पाय अडकता कामा नये.

राहिली सबवूफरची पेटी. खर्ज आवाज कोठून येतो हे कानास नीटसे कळत नाही, म्हणून ही पेटी खोलीत कोठेही चालते. कोपऱ्यात ठेवल्यास ती अधिक घुमते, आणि दुकानदार तेच सुचवितो. परंतु उत्तरेची भिंत कोणाची आहे, हे विसरू नये. त्या भिंतीपलीकडे सख्खा भाऊ राहतो, त्याच्या घरी कदाचित तान्हे मूल निजलेले असते, कदाचित परीक्षेचा अभ्यास चालू असतो. खर्ज आवाज भिंत सहज ओलांडतो. वाटणीच्या वेळी मने एकदा दुखावलेली असतात. ती रोज रात्री पुन्हा दुखवावयाची काय? पेटी दक्षिणेच्या भिंतीकडे, बाकाच्या शेजारी ठेवावी आणि तिचा आवाज मंद करावा. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा रात्री ९ नंतरही लागू आहे.

आम्ही सर्वांत शेवटी राखून ठेवला तो मधला स्पीकर. पडद्याखाली, तोंड किंचित वर करून, कानांच्या रोखाने ठेवावयाचा. पाहुण्यांस दाखवावयाचे असते तेव्हा सारे मागच्या स्पीकरांची वाखाणणी करतात. पण चित्रपटातील बहुतेक बोलणे या मधल्यातूनच येते. वय झाले म्हणजे कानास प्रथम बारीक, उंच सूर ऐकू येईनासे होतात, आणि शब्दांतील व्यंजने त्याच सुरांत असतात. म्हणून आजी म्हणते, “आवाज येतो, पण बोलणे कळत नाही.” अशा वेळी सगळाच आवाज वाढवून घर दणाणून सोडू नये. खर्ज कमी करावा आणि मधला स्पीकर थोडा चढवावा. आजीची खुर्ची वेदीजवळ, एका बाजूस असली तरी मधल्या स्पीकरमुळे बोलणे तिला पडद्यातूनच येते असे भासते. सिमेंटच्या जमिनीवर सतरंजी अंथरली व खिडकीस जाड पडदा लावला, तर घुमणारा आवाजही बसतो आणि शब्द स्वच्छ होतात. पैसे थोडे असतील, तर मागचे दोन स्पीकर खुशाल वगळावे. मधला मात्र वगळू नये.

याचे महत्त्व आम्हांस २०२० साली विशेष कळले. त्या वर्षी मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी झाली, देवळांची दारे बंद झाली आणि मिस्सा पडद्यावरून घरी आली. दारे पुन्हा उघडली. धडधाकट माणसांची रविवारची उपस्थिती पडद्याने भागत नाही, हे सांगावयास नको. पण ज्यांचे गुडघे थकले, जी माणसे अंथरुणास खिळली, त्यांस तो पडदा आजही आधार आहे. असिसीची संत क्लारा आजारामुळे नाताळच्या रात्री देवळात जाऊ शकली नाही. ती आपल्या जागी पडून असता दूरच्या देवळातील उपासना तिने पाहिली व ऐकली, असे परंपरा सांगते. याच कारणास्तव परमगुरू बारावे पायस यांनी १९५८ साली तिला टेलिव्हिजनची आश्रयदाती संत म्हणून घोषित केले. परंपरेत पाहणे आणि ऐकणे ही दोन्ही आहेत, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. आजारी माणसास वेदीचे चित्र दिसले पण शुभवर्तमानाचे शब्द कळले नाहीत, तर आपली मांडणी अपुरी राहिली.

तेव्हा या रविवारी मिस्सेहून परतल्यावर कुटुंबाने एकत्र बसावे. फीत घ्यावी आणि पहिली खुर्ची आजीची अथवा आजोबांची मांडावी. तेथून पडदा दिसतो काय, शब्द कळतो काय, हे त्यांनाच विचारावे. संध्याकाळी रोझरीच्या वेळेस यंत्र बंद करावे आणि सर्वांनी पूर्वेकडे तोंड करावे. प्रभू आपल्या घरांत शांती नांदवो.