‘रॅन्सिड’ आणि ‘प्युट्रिड’ : खवटणे वेगळे, कुजणे वेगळे

काही वर्षांपूर्वी नारायण तेलाच्या पाच बाटल्यांना दुर्गंधी येऊ लागली, म्हणून आम्ही निर्मात्याकडे लेखी तक्रार केली. पत्रात ‘प्युट्रिड’ हा इंग्रजी शब्द योजला. त्यांनी तत्परतेने जंतुपरीक्षण करविले. अहवाल निर्दोष आला आणि प्रकरण मिटले. तेल मात्र खराबच होते. योग्य शब्द होता ‘रॅन्सिड’. चूक आमची होती.

दोन्ही शब्द बिघाडाचेच. पण बिघाडाची जात भिन्न. ‘प्युट्रिड’ म्हणजे कुजलेले. ओलाव्याच्या आश्रयाने जीवाणू प्रथिनांचे विघटन करतात, तेव्हा ही अवस्था येते. आपल्याकडील ‘पूति’ हा शब्द याला जवळचा. ‘रॅन्सिड’ म्हणजे खवट. हा विकार स्नेहद्रव्यांचा. हवेतील ऑक्सिजन, उष्णता, प्रकाश आणि तांबे-लोखंडाचा अंश यांमुळे तो बळावतो. त्यास जंतूंची गरज नसते. घरातील गृहिणी शेंगदाण्याला ‘खवट’ व भाजीला ‘कुजकी’ म्हणते. त्यांची अदलाबदल कधी करीत नाही. ती आम्हां वैद्यांकडून व्हावी, हे शोभत नाही.

हा केवळ भाषेचा प्रश्न नव्हे. शब्द चुकला की उपाय चुकतो. जंतुरोधक परिरक्षक मिसळल्याने खवटपणा थांबत नाही. त्यासाठी पात्रात रिकामी जागा कमीत कमी असावी, झाकण घट्ट असावे, साठवण थंड व अंधाऱ्या जागी असावी. तपासणीत आम्लांक व पेरॉक्साइड अंक पाहावेत. स्नेहपाकात जलांश राहिला, तर मात्र दोन्ही दोषांना वाट मिळते. म्हणूनच कल्काची वात वळली जाणे आणि ती अग्नीवर टाकली असता चडचड न होणे, या परीक्षा आजही टाळता येत नाहीत.

चरकसंहितेने उन्माद-अपस्मारात दहा वर्षे जुने, उग्रगंधी पुराणघृत सांगितले आहे. त्याच्या गंधास इंग्रजीत ‘प्युट्रिड’ म्हणणे हा अनर्थ होय. परंतु त्याच वचनाचा आधार घेऊन कपाटातील खवटलेले तेल रुग्णाच्या हाती देणे, हाही अपराधच.

चिकित्सकबंधूंना आमची विनंती एवढीच, की औषध परत पाठविताना खवट, कुजलेले, आंबलेले, बुरसलेले यांपैकी नेमका शब्द लिहावा. आणि औषधनिर्मात्यांनी त्या शब्दास अनुसरून परीक्षण ठरवावे. रुग्णाच्या ठायी साम-निराम भेद आपण काटेकोरपणे पाहतो. औषधाच्या बाबतीतही तोच काटेकोरपणा हवा.