यंत्राला प्रेम करता येतं का? प्रश्नच चुकला!

काझुओ इशिगुरोची 'क्लारा अँड द सन' (२०२१) वाचलेली आमच्या क्षेत्रातली मंडळी भेटली, की चर्चेची गाडी हमखास एकाच स्टेशनावर येऊन थांबते. "यंत्राला खरंच प्रेम करता येईल का हो?" अहो, पण कादंबरीचा खरा प्रश्न तो नाहीच!

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. (शेवटही सांगणार आहे, सावधान!) क्लारा ही उन्हावर चालणारी 'आर्टिफिशियल फ्रेंड'. मुलांना सोबत म्हणून दुकानात विकत मिळणारं यंत्र. सगळी गोष्ट तीच सांगते. तिला आणतात ते जोसी या आजारी मुलीसाठी. हा आजार आला कुठून? मुलगी स्पर्धेत मागे पडू नये म्हणून करून घेतलेल्या जनुकीय बदलातून! आईने एक मुलगी आधीच गमावली आहे. आता जोसीही गेली, तर क्लाराने हुबेहूब जोसी होऊन राहायचं, असा तिचा बेत. कपाल्डी नावाचे गृहस्थ तिला पटवून देतात, की जोसीच्या आत कॉपी करता येणार नाही असं काही नाहीच.

हे कपाल्डी मला फार ओळखीचे वाटतात. जून २०२२ मध्ये लास वेगासला अ‍ॅमेझॉनने एक प्रात्यक्षिक दाखवलं. नातू सांगतो आणि अलेक्सा आजीच्या आवाजात गोष्ट वाचून दाखवते. मिनिटभराचंही रेकॉर्डिंग लागत नाही म्हणे. युक्तिवाद असा, की दुःख जाणार नाही, पण गेलेल्या माणसांच्या आठवणी तर टिकतील!

माझा आक्षेप तंत्रावर नाही. नक्कल उद्या याहून सफाईदार होईल, आमचं पोटच त्यावर आहे. आक्षेप हिशेबावर आहे. कादंबरीच्या शेवटी क्लाराला जे उमगतं ते या मंडळींना उमगत नाही. जोसीत खास असं काही होतं, पण ते तिच्या आत नव्हतं, तिच्यावर जीव लावणाऱ्यांच्या आत होतं. आजीचं आजीपण नातवाच्या मनात असतं, ते रेकॉर्डिंगमध्ये सापडणार कसं?

आणि एवढं शहाणपण आलेल्या क्लाराचं काय होतं? जोसी बरी होते, मोठी होते, शिकायला निघून जाते. क्लारा भंगाराच्या आवारात पडून आठवणी लावत बसते.

यंत्राला माणुसकी येईल की नाही, ते नंतर बघू. पोटच्या पोरीची 'रिप्लेसमेंट' आधीच तयार ठेवणाऱ्यांची माणुसकी शिल्लक आहे का, ते आधी तपासा.