कापसाच्या मुलखात वाचावीत अशी काही पुस्तके

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर गेलेला पांढरकवड्याचा माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. पंचशील ध्वज, बाबासाहेबांचा फोटो आणि सोबत दोन-चार पुस्तके असतातच. पोटाला चिमटा घेऊन पुस्तक विकत घेणारा असा समाज या देशात दुसरा दाखवा! पण ही पुस्तके कोणती? चरित्र, भाषणे, भीमगीते आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. ती हवीतच. मात्र ज्या केळापूर तालुक्यात आपला, गोंड-कोलामांचा संसार कापसावर चालतो, तिथे कापसाचा आणि जमिनीचा प्रश्न आपल्या कपाटात का नाही? तो आपण शेतकरी पुढाऱ्यांवर सोपवून मोकळे झालो. बाबासाहेबांनी तो कोणावर सोपवला नव्हता.

म्हणून अलीकडे वाचलेल्यांपैकी पहिली शिफारस बाबासाहेबांच्याच एका निबंधाची. ‘स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज’ हा निबंध १९१८ चा. शासनाने १९७९ साली काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात तो आहे. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ वाचायला आपण हा खंड उघडतो आणि पुढची पाने तशीच राहतात. जमिनीचे तुकडे जोडा, शेते मोठी करा, शेती सुधारेल, असे तेव्हाचे तज्ज्ञ सांगत होते. बाबासाहेबांनी हा हिशेबच चुकीचा ठरवला. शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही, ते कसायला बैल, अवजारे, भांडवल किती आहे यावर ठरते. साधनेच नसतील तर तीन एकरही जड होतात. शिवाय जमिनीवर पोट भरणारी माणसे गरजेपेक्षा जास्त आहेत, त्यांना उद्योगात काम द्या, हा त्यांचा खरा उपाय. आज शंभराहून जास्त वर्षे झाली. कापूस आपल्याकडे पिकतो, त्याचे कापड मात्र दुसरीकडे विणले जाते. २००६ साली विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचे पॅकेज आले, त्यात थकीत व्याजाची माफी होती. ज्याच्या नावे सातबाराच नाही त्या शेतमजुराला व्याजमाफी कशाची?

या निबंधासोबत सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ ही कादंबरी वाचावी. नायक एकनाथ एम.ए., बी.एड. आहे. नोकरीसाठी द्यायला पैसा नाही, म्हणून तो शेतीत अडकला आहे. घर कुणब्याचे, पण वाचताना आपल्या वस्तीतली डी.एड., बी.एड. झालेली पोरे डोळ्यांपुढे येतात. कादंबरीत शेतमालकाचे दुःख आहे. मजुराचे दुःख लिहिणारा लेखक आपल्यातूनच यायला हवा, हे मात्र वाचताना सारखे जाणवते.

पी. साईनाथ यांचे ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ पत्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणांनी जरूर वाचावे. मूळ पुस्तक १९९६ चे. गरिबी मोजायची कशी, कोणाच्या दारात उभे राहून, हे त्यातून शिकता येते. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी शैलजा पाईक यांचे ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (२०२२) आहे. तमाशातल्या दलित स्त्रीचा इतका सखोल अभ्यास क्वचितच झाला असेल. कवितेत भुजंग मेश्रामांचा ‘उलगुलान’. आदिवासींशी आपली युती निवडणुकीपुरती नको असेल तर त्यांचे कवीही वाचावे लागतील.

शेवटी ‘आम्हीही इतिहास घडवला’. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या मुलाखती घेऊन १९८९ साली हे पुस्तक केले. २० जुलै १९४२ ला नागपूरला झालेल्या महिला परिषदेच्या अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या, हे आपल्या किती मुलींना ठाऊक आहे? वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होतेच. त्यानंतर दर रविवारी यातली एक मुलाखत वाचायला घ्यावी आणि वाचायला भाषणबाजांना नव्हे, दिवसभर कापूस वेचून आलेल्या बायांच्या शिकलेल्या लेकींना बसवावे.